थंडीतल्या समुद्राने वसवलेलं शहर

उल्हासनगरला समुद्र नाही. एका अंगाला उल्हास नदी, मधून वालधुनी (तिला आज नदी म्हणताना जीभ अडखळते, पण ते असो), दक्षिणेला अंबरनाथ, त्यापलीकडे बदलापूर आणि पाठीशी मलंगगड-माथेरानचे डोंगर. मुंबईहून कर्जत लोकल धरली तर कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानकं ओळीने येतात. खाऱ्या पाण्याची शेवटची खूण कल्याणच्या खाडीलाच मागे पडलेली असते. तरीही इथल्या जुन्या सिंधी घरात ‘तुमची मंडळी इथं आली कशी?’ असं विचारलं, तर पुष्कळदा उत्तर मिळतं, ‘जहाजाने.’ कराचीहून निघून किनारा धरत दक्षिणेला, सगळं कुटुंब डेकवर, दिवस थंडीचे. या शहराचा पाया घालणारा प्रवास हा असा झाला. तो थंडीत झाला, ही गोष्ट इतिहास सांगताना सहसा कुणी बोलून दाखवत नाही. माझ्या मते ती फार मोलाची आहे.

फाळणी म्हटलं की आपल्यासमोर आगगाडी येते. टपावर बसलेली माणसं, अमृतसर आणि लाहोरची स्थानकं. हे चित्र पंजाबचं. पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे झाले. सिंधचा तुकडा झाला नाही, तो अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. आणि कराचीहून मुंबईला थेट नेणारी रेल्वे मुळात नव्हतीच. मध्ये कच्छचं रण पसरलेलं. रुळांवरून यायचं तर कराचीहून आधी सिंधमधल्या हैदराबादला जायचं, तिथे मीटर गेजची गाडी पकडून मीरपूरखास, खोखरापार, मुनाबाव करत जोधपूर-मारवाडकडे, मग अहमदाबाद, तिथे पुन्हा गाडी बदलून मुंबई. थरपारकर आणि हैदराबादकडचे पुष्कळ लोक त्याच वाटेने राजस्थानात गेले. कराचीच्या माणसाला मात्र मुंबईचा सरळ रस्ता पाण्यावरून होता, आणि तो त्याच्या ओळखीचाही होता. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कोर्टकचेरी, कॉलेज, व्यापार, सगळ्यासाठी लोक मुंबईला येत. हा ओघ एकतर्फी नव्हता. १८५५ मध्ये सुरू झालेल्या कराचीतल्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. सिंधी भाषेला एक ठरावीक लिपी मिळवून देण्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या खटपटीतही त्यांचा हात होता. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी आपल्या कंपनीचं टपालाचं पहिलं विमान उडवलं तेही कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला. मुंबई आणि कराची ही एकाच किनाऱ्यावरची शेजारची बंदरं होती, इतकं साधं होतं ते.

१९४१ च्या जनगणनेत सिंधमधले हिंदू बारा लाखांच्या घरात होते. ऑगस्ट १९४७ नंतर ते लगेच निघाले नाहीत. पंजाबसारखी कत्तल सिंधमध्ये झाली नव्हती, आणि घर-जमीन-पेढी सोडून कुणी हौसेने निघत नाही. १७ डिसेंबरला हैदराबादेत दंगल उसळली. ६ जानेवारी १९४८ रोजी उत्तर सिंधमधले काही शीख मुंबईची बोट पकडायला कराचीत आले होते. त्यांच्यावर गुरुद्वाराच्या आवारात हल्ला झाला आणि पाठोपाठ शहरभर लुटालूट सुरू झाली. त्या दिवसानंतर ‘थांबू या, बघू या’ म्हणणाऱ्यांचाही धीर सुटला. केमारी बंदराच्या रस्त्यावर बिस्तरे, ट्रंका आणि म्हातारी माणसं यांची रीघ लागली. कस्टमची झडती कसून व्हायची. सोनंनाणं, रोकड किती नेऊ देतील याचा भरवसा नव्हता, आणि ज्यांच्या पेढ्या होत्या ते कित्येकजण अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीवर चढले.

नेहमीच्या फेऱ्यांत ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी होत्या, आणि भारतीय बाजूने सिंदिया. सिंदियाची कहाणी मराठी वाचकाला ठाऊक असते ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांमुळे. त्यांनी आणि नरोत्तम मोरारजींनी १९१९ मध्ये ही कंपनी उभारली. तिची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली आणि तीच तारीख आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. गोऱ्या कंपन्यांच्या दरयुद्धाला तोंड देत टिकलेल्या या कंपनीच्या बोटी १९४८ साली आपल्याच देशबांधवांना सोडवून आणायच्या कामी लागल्या. हे काम कंपनीच्या जाहिरातीत फारसं दिसलं नाही. दिसायला हवं होतं. शिवाय लहान पडाव आणि लाँचही होत्या. त्या कच्छमधल्या मांडवीला, जामनगरच्या बेडी बंदराला, नवलखी, ओखा, पोरबंदर, वेरावळला माणसं उतरवत.

आता त्या समुद्राकडे वळू.

अरबी समुद्राचं वर्ष दोन तोंडांचं असतं. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे धावतो, आणि पश्चिम किनाऱ्यासमोर लाटा चार-पाच मीटरपर्यंत चढतात. ऑक्टोबरनंतर चित्र उलटं होतं. मध्य आशिया आणि उत्तर भारत थंड पडतो, तिथली हवा जड होते, तिचा दाब वाढतो आणि ती समुद्राकडे उतरू लागते. सिंधच्या किनाऱ्यावर हा वारा उत्तरेचा. आकाश निरभ्र, हवा कोरडी, लाट जेमतेम मीटरभराची. कराचीहून दक्षिणेला यायचं असेल तर वर्षभरात याहून चांगले दिवस नाहीत, कारण वारा पाठचा मिळतो. हे नौकानयनशास्त्र सिंधमध्ये काव्यातही उतरलेलं आहे. शाह अब्दुल लतीफ (१६८९ ते १७५२) यांच्या ‘शाह जो रिसालो’मध्ये ‘सुर सामूंडी’ नावाचा एक पूर्ण भाग आहे. उत्तरेचा वारा सुटला की शिडं उभारून निघणारे व्यापारी आणि मागे राहणाऱ्या त्यांच्या बायका, हा त्याचा विषय. सिंधी घरांतून ही कविता पाठ असायची. तोच वारा सुटलेला असताना बायकामुलांसकट आपणच निघू, आणि परत फिरणार नाही, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मोसमाचं महत्त्व किती, हे मुंबईने सहाच महिने आधी पाहिलं होतं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तो पल्ला काही तासांचा होता, मुंबई बंदराच्या तोंडाशीच. कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद ठेवायची रीत उगाच नव्हती. आता अशी कल्पना करा की कराचीची ती दंगल जानेवारीऐवजी जूनमध्ये झाली असती. मोठ्या आगबोटी हेलपाटत का होईना आल्या असत्या; पण डेकवर उघड्यावर शेकडो कुटुंबं बसवून नव्हे, आणि मांडवी-बेडीला येणारे पडाव तर हललेही नसते. समुद्रावर दबा धरून बसणारं कुणी नसतं, रूळ उखडता येत नाहीत. पंजाबच्या गाड्यांशी तुलना करता सिंधची माणसं मोठ्या संख्येने जिवानिशी पोचली, त्याचं श्रेय मी निम्मं तरी या मोसमाला देईन.

मोसम चांगला म्हणजे प्रवास सुखाचा, असं मात्र नाही. कराची ते मुंबई सागरी अंतर सुमारे ५०० सागरी मैल, म्हणजे नऊशेहून अधिक किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती सौराष्ट्राच्या जमिनीवरून जाते. म्हणून बोटीला आधी द्वारकेचा कोपरा आणि मग दीवचं टोक असे दोन वळसे घ्यावे लागतात. ताशी बारा सागरी मैलांच्या चालीने हे ४२ तासांचं काम. गर्दीमुळे, बंदरात जागा नसल्यामुळे ते लांबायचं. दोन रात्री तर नक्कीच.

थंडीचं गणित जरा गमतीचं आहे. कराचीत जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. बलुचिस्तानच्या पठारावरून येणाऱ्या गार वाऱ्याला तिथले लोक क्वेट्ट्याचा वारा म्हणतात. समुद्राचं पाणी मात्र जमिनीसारखं झटपट निवत नाही. त्या काळात कराचीसमोरचं पाणी साधारण २२-२३ अंशांवर असतं, मुंबईजवळ ते २५-२६ पर्यंत चढतं. खुल्या समुद्रावरची हवा पाण्याचंच तापमान धरते. तेव्हा बोट किनारा सोडून आत गेली की खरं तर ऊब वाढायला हवी. मग आठवणींत इतका गारठा का? कारण अंगाला थंडी वाजते ती तापमापकाने ठरत नाही. रात्री जमीन निवते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो; काठेवाडच्या किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या बोटीला तो आडवा लागतो. वर दव पडतं. अंथरुण ओलसर होतं, आणि ओल्या कापडातून शरीराची ऊब भराभर निघून जाते. खाली पोलादी पत्रा. लोखंड उष्णता कशी ओढून घेतं ते हिवाळ्यात जिन्याच्या कठड्याला हात लावलेल्या कुणालाही ठाऊक आहे. अशा डेकवर पातळ सतरंजी घालून झोपणं म्हणजे रात्रभर पाठीने बोट तापवणं. ज्यांनी रल्ली, म्हणजे तुकडे जोडून शिवलेली ती सिंधी गोधडी, बिस्तऱ्यात बांधून आणली होती त्यांचं बरं चाललं. इंजिनाच्या भिंतीला टेकून बसायची जागा तर कुठल्याही आगबोटीवर भांडून मिळवावी अशीच.

एक गोष्ट अनुभव नसलेल्याला उलटी वाटेल. वारा पाठीमागून बारा मैलांनी आणि बोटही त्याच दिशेला बारा मैलांनी चालली असेल, तर डेकवर वारा जाणवतच नाही. धुराड्याचा धूर सरळ वर चढतो आणि कोळशाची काजळी डोक्यावर पडते. दिवसा त्यामुळे उकडल्यासारखं होई आणि रात्री बाजूचा वारा सुरू झाला की पुन्हा हुडहुडी.

बोट लागायची ती वेगळीच. समुद्र शांत दिसत असताना पोटात ढवळतं, याचं कारण वाऱ्याची लाट आणि दुरून आलेली लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे आणि अरबस्तानच्या बाजूला ‘शमाल’ नावाचा जोरदार वायव्य वारा सुटतो. त्याने उठवलेल्या लाटा हजारभर किलोमीटर कापत आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचतात. वारा केव्हाच मेलेला असतो, लाट मात्र लांब, गोल, गुळगुळीत होऊन येत राहते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या शमाल लाटांचा अलीकडे नीट मागोवा घेतला. कराचीहून आग्नेयेकडे येणाऱ्या बोटीला ही लाट मागून, किंचित तिरकी लागते. अशा वेळी बोट नुसती डावी-उजवीकडे झुकत नाही. तिची शेपूट उचलली जाते, वळते, खाली बसते, पुन्हा उचलली जाते. डोळ्यांना बाजूची ट्रंक आणि बाजूची माणसं स्थिर दिसतात, कानातलं तोलाचं द्रव मात्र हलत असतं. मेंदूला दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात आणि भांडण पोटावर निघतं. डेकच्या खाली, खिडकी नसलेल्या जागेत बसवलेल्या बायकामुलांना याचा त्रास सर्वांत जास्त, कारण तिथून क्षितिज दिसत नाही.

खायचं काय, हा पुढचा प्रश्न. सिंधी घरात प्रवासाला निघताना कोकी भाजायची पद्धत आहे आणि दोन-तीन दिवसांच्या वाटेसाठी त्याहून शहाणा पदार्थ मी पाहिलेला नाही. गव्हाचं पीठ घट्ट भिजवायचं, त्यात तेल किंवा तूप हाताला सुटेल इतकं, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, अनारदाणा, जिरं. जाडसर लाटून तव्यावर अर्धवट भाजायची. मग उतरवून, गरम असतानाच पुन्हा गोळा करून लाटायची आणि आता मंद आचेवर, वर चरे पाडून, तूप सोडत खरपूस होईपर्यंत ठेवायची. दोनदा भाजल्याने पाण्याचा अंश उडतो. तुपाने पीठ खुसखुशीत राहतं आणि वातड होत नाही. लांबच्या वाटेला कांदा कमी किंवा अजिबात नाही, कारण आधी खराब होतो तो कांदा. सोबत पापड. उल्हासनगरात आजही सकाळच्या वेळी कोकी, दही आणि पापड अशी ताटली मिळते. खाणाऱ्याला तिच्यातलं प्रवासाचं शास्त्र माहीत असतंच असं नाही.

वाटेत दिसायचं काय? बरंचसं नुसतं पाणी. पण त्या महिन्यांत हा किनारा राजकीयदृष्ट्या विलक्षण होता. केमारीतून बाहेर पडताना मनोऱ्याचं दीपगृह. पुढे सिंधूच्या मुखाचा सपाट, चिखलाचा किनारा, तो लांबूनच टाळायचा. मग कच्छचं आखात. त्याच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा ओढा इतका की बोटीची दिशा सतत सुधारावी लागते. ओखा तेव्हा बडोदा संस्थानाचं बंदर. द्वारका. पोरबंदर, गांधीजींचं जन्मगाव. ३० जानेवारीला ते गेले तेव्हाही या वाटेवरची ये-जा चालूच होती. वेरावळ जुनागढ संस्थानातलं. जुनागढच्या नवाबाने पाकिस्तानात सामील व्हायचं ठरवलं होतं, पण नोव्हेंबर १९४७ मध्ये राज्यकारभार भारताने हाती घेतला. नवाब आधीच विमानाने कराचीला निघून गेला होता. सार्वमत व्हायचं होतं ते २० फेब्रुवारी १९४८ ला. म्हणजे जानेवारीतल्या बोटी ज्या किनाऱ्याच्या दिव्याकडे बघत चालल्या होत्या, तो कुणाचा हे मतपेटीतून ठरायचं बाकी होतं. त्यापुढे दीव, ते तर पोर्तुगीजांचं. मग खंभातच्या आखाताचं तोंड. आखाताच्या आतल्या भागात भरती दहा मीटरच्या पुढे जाते, म्हणून बोटी आत न वळता सरळ पार होतात. दमणही पोर्तुगीजांचंच. आणि शेवटी कुलाब्याच्या खडकांवरचं १८७५ सालचं प्रॉंग्ज दीपगृह, त्याला वळसा घातला की मुंबई बंदर.

बंदरात शिरणंही सोपं नव्हतं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्यांचे दरवाजे भरतीच्या सुमारासच उघडत. १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या आणि सावरून फार दिवस झाले नव्हते. १९१४ ची अलेक्झांड्रा गोदी मोठी, तिला लॉक असल्यामुळे भरतीची तितकी वाट पाहावी लागत नसे. मुंबई शहरात निर्वासितांना ठेवायला जागा नव्हती आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारला शहरातली गर्दी वाढू द्यायचीही नव्हती. म्हणून बोटीतून उतरलेल्यांना रेल्वेने बाहेरच्या छावण्यांकडे पाठवलं जाई: कल्याण, देवळाली, पिंपरी, कोल्हापूरजवळचं वळिवडे. वळिवड्याला तर महायुद्धात पोलंडचे निर्वासित राहून गेले होते. तिथेच पुढे सिंधी वस्ती होऊन गांधीनगर झालं. लष्कराने रिकाम्या केलेल्या बराकी हा सगळ्यांचा सामायिक निवारा.

कल्याणची छावणी यांत सर्वांत मोठी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या दोन हजारांहून अधिक बराकी कल्याण आणि अंबरनाथ यांच्या मधल्या माळावर होत्या. मधे लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी त्यांची रचना. एका दालनात कितीतरी कुटुंबं, मधे आडोसा चादरीचा नाहीतर गोणपाटाचा. ज्यांना वाटलं होतं की समुद्र सोडल्यावर थंडी मागे राहील, त्यांचा इथे अंदाज चुकला असणार.

कारण उल्हासनगर, अंबरनाथ आणि विशेषतः बदलापूर हा पट्टा मुंबई महानगरातला सर्वांत गार कोपरा. डिसेंबर-जानेवारीत सांताक्रूझचा पारा आणि बदलापूरचा पारा यांत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. मुंबई बेटाला तिन्ही बाजूंनी पंचवीस अंशांचं पाणी आहे. ते रात्रभर हवेला हात देतं. बदलापूरपर्यंत ती ऊब पोचत नाही. कोरड्या, निरभ्र रात्री जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. त्यात माथेरान आणि मलंगगडाच्या उतारांवर निवलेली जड हवा घसरत खाली येते आणि उल्हासच्या खोऱ्यात साचते. पहाटेच्या लोकलला उभे असलेले बदलापूरकर स्वेटर-कानटोपीत, आणि तीच गाडी दादरला पोचेपर्यंत स्वेटर पिशवीत, हा इथला दर हिवाळ्याचा रिवाज आहे. कराचीची पहाट आणि कल्याण कॅम्पची पहाट यांत तापमानाचा फरक थोडकाच. मधल्या दोन रात्रींतला समुद्रच काय तो उबदार होता, आणि नेमका तोच थंड म्हणून लक्षात राहिला.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते छावणीचं उल्हासनगर झालं. १९५१ च्या जनगणनेत वस्ती सुमारे ८० हजार. पाच कॅम्प, आणि कित्येक पत्त्यांत अजून ‘बराक नंबर’ लिहितात. पाच नंबर कॅम्पात झुलेलालचं चालिहा मंदिर आहे. तिथली ज्योत सिंधमधून आणल्याचं भाविक सांगतात. झुलेलाल ही पाण्याची देवता. सिंधू नदीतल्या पल्ला माशावर बसलेली तिची मूर्ती समुद्रापासून दूर, लोकलच्या रुळांजवळ पुजली जाते. चाळीस दिवसांच्या चालिहा व्रतात बहिराणा साहेबाची दिव्यांची आरास पाण्यात सोडायची असते. नदी बदलली, विधी चालू आहे.

या लोकांनी धरलेली वाट मात्र नवी नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा मार्गदर्शक आहे. त्यात सिंधूच्या मुखावरचं बार्बरिकॉन हे बंदर आहे, मग कच्छचं रण आणि आखात, मग बरिगाझा म्हणजे भडोच, आणि त्याच्या दक्षिणेला सोपारा आणि कल्याण. अगदी त्याच क्रमाने, त्याच दिशेने. उल्हासच्या खाडीतून भरतीबरोबर गलबतं कल्याणपर्यंत चढत. कल्याणला उतरणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, अशी तक्रारही त्या लेखकाने नोंदवलेली आहे. बंदरावरची अडवणूक तेव्हापासूनची. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाच्या लेखनातही कल्याण आहे. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पापासून हाकेच्या अंतरावर, वालधुनीच्या काठी अंबरनाथचं शिवालय उभं आहे. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मध्ये शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात ते पूर्ण झालं. उत्तर कोकणच्या शिलाहारांची सत्ता बंदरांच्या जकातीवर उभी होती. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रातच गेला. बोरिवलीजवळ एक्सरला असलेल्या वीरगळांवर वल्हवणाऱ्या युद्धनौकांच्या रांगा कोरलेल्या आहेत; त्या लढाईशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची पहिली जहाजं याच खाडीत बांधायला घेतली. खाडी गाळाने भरत गेली, रेल्वे आली, आणि कल्याण बंदर होतं हे खुद्द कल्याणकरही विसरले. १९४८ च्या बोटी मुंबईत थांबल्या नसत्या आणि खाडी खोल राहिली असती, तर माणसं आपल्या मुक्कामाच्या दाराशी पाण्यानेच उतरली असती.

उलटी वाहतूकही होतीच. मुंबईतले आणि कोकणातले मुसलमान याच बोटींच्या परतीच्या फेऱ्यांनी कराचीला गेले. कराचीत आज कोकण नावाची गृहनिर्माण सोसायटी आहे. १९४१ मध्ये चार लाखांच्या आसपास असलेलं ते शहर १९५१ मध्ये दहा लाखांच्या पुढे गेलं होतं. तिथे मागे राहिलेली थोडी मराठी घरं आजही गणपती बसवतात. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला आणि बोटींवरची गर्दी ओसरली. पुढे १९६५ च्या युद्धाने उरलीसुरली ये-जाही मोडली. कराची हातचं गेलं म्हणून भारताने कच्छमध्ये कांडला बंदर बांधलं आणि शेजारी भाई प्रताप यांच्या पुढाकाराने गांधीधाम वसलं, तेही सिंधी विस्थापितांसाठीच. आज कराची-मुंबई मार्गावर एकही प्रवासी बोट नाही.

मासेमारीच्या बोटी मात्र अजून कराचीच्या दिशेने जातात. हिवाळ्यात तो कोरडा वारा उत्तर अरबी समुद्राचं पाणी वरून सुकवतो. वरचं पाणी थंड, खारट आणि जड होऊन खाली बसतं आणि खालचं खतावलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यांच्या आधारावर माशांची सगळी साखळी पोसली जाते. म्हणून ओखा-पोरबंदरच्या ट्रॉलर मासळीमागे कच्छच्या समोर, सीमेच्या पाण्यापर्यंत जातात. त्यांवर खलाशी म्हणून डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण असतात. न दिसणारी रेघ ओलांडली गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा त्यांना पकडते आणि कराचीच्या मलीर तुरुंगात ठेवते. आजवर जे सुटले त्यांना कराचीहून आगगाडीने लाहोरला नेलं गेलं, तिथून वाघा-अटारी, मग अमृतसर, गुजरात आणि शेवटी पालघर जिल्हा. समुद्राने आले असते तर त्यांना दोन रात्री पुरल्या असत्या.